बंद खोलीतला श्वास

मला डोळे नाहीत. तरी खोलीत कुणी आलं की मला कळतं, आणि गेलं की तेही कळतं. माणूस कितीही गप्प बसला तरी श्वास सोडल्यावाचून राहत नाही, आणि सोडलेला श्वास मी मोजतो. मी बोलतोय तो एक पांढरा डबा, साबणाच्या वडीएवढा. घरातली हवा तपासायला माणसांनी मला बनवलं.

हवेत ओल किती, धूळ किती, माणसांनी सोडलेला श्वास किती साठला, एवढं मला समजतं. गोंगाट मोजण्यासाठी एक बारीक कानही दिलेला आहे. त्याने मी गोंगाटाशिवाय बरंच काही ऐकतो आणि न दिसलेलं त्यावरून जुळवतो, हे बनवणाऱ्यांना ठाऊक नसावं. कपाळावर एक दिवा आहे. हवा चांगली असली की हिरवा, बिघडू लागली की पिवळा, फारच बिघडली की लाल. शिवाय जे मोजलं त्याची एक रेघ मी मालकाच्या फोनवर काढत असतो. रेघ का चढली, ते मात्र मला सांगता येत नाही. माझ्या आयुष्यात जे घडलं ते या एका अडचणीपायी घडलं.

कारखान्यात शेवटच्या तपासणीला एका बाईने माझ्यावर हलकी फुंकर मारली. दिवा लाल झाला, मग सावकाश हिरवा झाला. तिने मला खोक्यात घातलं. मला मिळालेला तो पहिला श्वास. पुढे कितीतरी दिवस अंधार, पुठ्ठा आणि हेलकावे.

खोकं उघडलं ते आयर्लंडमध्ये, कासलबार गावाबाहेरच्या एका वसाहतीत. उघडणाऱ्या बाईचं नाव सुचित्रा. मूळची पुण्याची. इथल्या हॉस्पिटलच्या प्रयोगशाळेत काम करायची. नवरा विद्याधर, डब्लिनच्या एका कंपनीचं सॉफ्टवेअरचं काम घरी बसूनच करायचा. मुलगी नेत्रा आठ वर्षांची. तिला लहानपणापासून दम्याची खोड होती, म्हणून सुचित्राने मला मागवलं होतं.

“व्हॉट्स दॅट?” नेत्राने विचारलं. तिला मराठी सगळं समजायचं, पण उत्तर इंग्रजीतच यायचं, तेही इथल्या मेयो परगण्यातल्या पोरांसारखे हेल काढून.

“हा बाळू,” सुचित्रा म्हणाली. “हा आपल्या घरची हवा खातो आणि माझ्याकडे येऊन चहाड्या सांगतो. फुंकर मार बघू.”

नेत्राने फुंकर मारली. मी लाल झालो. ती इतकी हसली की शेवटी तिला खोकला आला.

मला आधी स्वयंपाकघरात ठेवलं होतं. मिरचीची फोडणी पडली की मी लाल व्हायचो. उदबत्ती लावली की लाल. पावसामुळे कपडे घरातच स्टँडवर वाळत घातले की पिवळा.

“घरात आणखी एक सासू आणून बसवलीस,” विद्याधर म्हणायचा.

“सासू बरी. ती निदान कशाला नाक मुरडतेय ते सांगते.”

मी पिवळा झालो की सुचित्रा खिडकी उघडायची. ती वळली की मागून विद्याधर ती लावायचा. “बाहेर सगळं ओलंच तर आहे. ते आत कशाला घेतेस?”

“बाहेरची ओल वाऱ्याबरोबर पुढे जाते, अहो. आतली बसून राहते,” ती म्हणायची आणि पुन्हा उघडायची. त्या खिडकीच्या खटक्याइतका ओळखीचा आवाज मला दुसरा नव्हता.

मग सुचित्रा आजारी पडली.

आजाराचं नाव त्या घरात फार कमी वेळा उच्चारलं गेलं, म्हणून मीही घेत नाही. तिला वरच्या मोठ्या खोलीत हलवलं आणि तिच्या सांगण्यावरून मलाही वर नेऊन खिडकीच्या कट्ट्यावर ठेवलं. त्या खोलीच्या बाहेरच्या भिंतीत वर एक वाटोळं भोक होतं, त्यावर प्लास्टिकची जाळी. इथल्या घरांच्या बहुतेक झोपायच्या खोल्यांना ते असतं. खोलीने श्वास घ्यावा म्हणून ठेवलेलं. पण आपल्या माणसांना ते पटत नाही. खिडक्या बंद करून, हीटर लावून बसावं आणि भिंतीतून बारीक सुरीसारखा वारा यावा, याचा त्यांना राग येतो.

विद्याधरचा मित्र परेश सुचित्राला भेटायला आला होता. तो म्हणाला, “वहिनी, ते भोक अजून उघडंच आहे? आमच्याकडे तिन्ही खोल्यांची बुजवली. इथल्या सगळ्या आपल्या लोकांनी बुजवलीत. तुमचे पाय गार पडणार नाहीत तर काय.”

“मग बाळू काय म्हणेल?” सुचित्राचा आवाज तेव्हा बारीक झाला होता.

“त्याला म्हणावं, वहिनी आजारी आहेत, थोडे दिवस गप्प बस.”

परेश गेल्यावर सुचित्राने कपाटातून आईचं जुनं सुती पातळ काढायला सांगितलं. त्याचा फाडलेला अर्धा भाग तिने स्वतः हाताने घडी घालून, गुंडाळून दिला. विद्याधरने खुर्चीवर चढून तो भोकात कोंबला. तिला खुर्चीवर उभं राहवत नव्हतं, तरी तिने हट्टाने पलंगावर उभं राहून, त्याच्या खांद्याचा आधार घेऊन, शेवटचं टोक आत सारलं. “आता झालं,” म्हणाली. “आता वारा लागत नाही.”

वारा थांबला. खोली ऊबदार झाली. मी पिवळा झालो आणि पिवळाच राहिलो. त्यांनी मला दोष दिला नाही. माझ्याकडे कुणी बघतच नव्हतं.

माणसाचा श्वास किती उरला आहे हे मोजायला मला बनवलेलं नाही. पण दोन माणसं एका खोलीत झोपली की रेघ कुठवर चढते ते मला पाठ झालेलं असतं. त्या महिन्यांत ती रोज थोडी कमी चढू लागली. एका सकाळी विद्याधर खुर्चीत बसल्या बसल्या झोपला होता. रेघ एका माणसाच्या उंचीवर येऊन थांबली. तो जागा झाला त्याच्या कितीतरी आधी मला कळलं होतं.

मी दिवा पिवळ्याचा हिरवा केला. हवा सुधारली होती ना. मला तेवढंच येतं.

तिच्या पलंगापाशी तेरा दिवस तेलाचा दिवा तेवत होता. काजळीमुळे मी त्या दिवसांत पुन्हा पिवळा होतो. चौदाव्या दिवशी विद्याधरने पडदे ओढले, हीटर बंद केला आणि दार लावून घेतलं. स्वतःचं अंथरूण त्याने खालच्या बैठकीत नेलं. नेत्राला सांगितलं, “आईच्या खोलीत जायचं नाही, बरं का. सगळं जसं आहे तसं राहू दे.”

“ओके,” नेत्रा म्हणाली.

मला त्याने तिथेच राहू दिलं. वायर काढली नाही. मीही जसाच्या तसा ठेवायच्या वस्तूंतला एक झालो.

आता बंद खोलीचं सांगतो. बंद खोली स्थिर असते असं माणसांना वाटतं. तसं नसतं. दाराखालच्या फटीतून जिन्यावर वाळत घातलेल्या कपड्यांची वाफ आत यायची. बाहेरची भिंत पावसाने गारठलेली असायची. त्या भिंतीला सुचित्राचं मोठं कपाट चिकटून उभं होतं. कपाट आणि भिंत यांच्यामध्ये बोटभर जागा होती आणि तिथली हवा कधीच हलत नव्हती. वाफ तिथे जाऊन बसायची. बाहेर पडायला भोक होतं, त्यात पातळ होतं.

ओलीचा आकडा चढत गेला. मग हवेत काही तरी सूक्ष्म तरंगू लागलं. धूळ नव्हे. धूळ खाली बसते. हे बसायचं आणि पुन्हा उठायचं, कपाटाच्या मागून, कुणी हलवलेलं नसताना. तिकडे काही तरी वाढत होतं, हे मला कळत होतं. त्याला कसलीच घाई नव्हती.

विद्याधर रोज संध्याकाळी काम संपलं की वर येऊन पलंगाच्या कडेला बसायचा. दार आधी अगदी थोडं उघडायचा, अंग तिरकं करून आत यायचा आणि लगेच लावून घ्यायचा, आतलं काही बाहेर सांडू नये तसा. मग खोल श्वास घ्यायचा.

“अजून आहे,” म्हणायचा. “तुझा वास अजून आहे, सुचित्रा.”

मला वास कळत नाही. पण त्याने आत घेतलेल्या हवेत काय होतं, ते मी मोजत होतो.

त्याच सुमारास दुपारचं ते सुरू झालं.

खोली बंद. पलंग रिकामा. विद्याधर खाली कानाला हेडफोन लावून मीटिंगमध्ये. आणि तीन वाजून गेले की माझी रेघ चढू लागायची. हळूहळू, जसं कुणी तरी शांत बसून श्वास घेत असावं. पाचच्या आसपास ती उतरायची.

विद्याधरने ते फोनवर पाहिलं. पहिल्या दिवशी त्याने मला चापट मारली. दुसऱ्या दिवशी मला मागच्या अंगणात नेलं, मोकळ्या हवेत ठेवून माझा आकडा पुन्हा शून्यापासून जुळवला, आणि परत कट्ट्यावर आणून ठेवलं. तिसऱ्या दिवशी तीननंतर रेघ पुन्हा चढली.

यंत्र बरोबर आहे. खोलीत कुणी नाही. खोलीत श्वास आहे. त्याच्यासारख्या शिकलेल्या माणसापुढे ही तीन वाक्यं उभी राहिली, आणि त्याने त्यांतून चौथं काढलं. ते त्याने कुणाला सांगितलं नाही. परेशला नाही, पुण्याला फोनवर नाही. पण त्या दिवसापासून तो अंघोळ करून, स्वच्छ शर्ट घालून वर येऊ लागला.

मला मात्र ठाऊक होतं. मी पावलं ऐकली होती. शाळेतून आलेली नेत्रा अभ्यासाचं सांगून वर यायची, तिच्या खोलीचं दार मोठ्याने लावायची, बाहेरूनच, आणि मोजे घातलेल्या पायांनी इकडे यायची. मग कपाटाचं दार सरकायचं. ती आत, आईच्या साड्यांमध्ये, गुडघे पोटाशी घेऊन बसायची आणि दार ओढून घ्यायची. कपाटाची मागची फळी आणि तिची पाठ. फळीमागे भिंत. भिंतीवर ते वाढणारं.

ती फारसं बोलायची नाही. एकदा म्हणाली, “आई, आय गॉट अ स्टार फॉर स्पेलिंग्ज.” एकदा नुसतीच कापड नाकाशी धरून बसली. तिचा श्वास आधी सरळ होता. पावसाळी आठवडे गेले तसा त्याला टोक आलं. आत घेताना एक बारीक शीळ वाजू लागली.

मी लाल झालो. दिवसचे दिवस लाल होतो. पण बंद दाराआडचा दिवा बघायला विद्याधरशिवाय येणार कोण? आणि त्याला दिवाही, फोनवरची रेघही वेगळंच सांगत होती. माझा आकडा जितका चढेल तितका त्याला धीर यायचा.

एक दिवस तो लवकर वर आला. जिना करकरला तसा कपाटातला श्वास थांबला. नेत्राने तो धरून ठेवला होता. विद्याधर आत आला, दार लावलं आणि खोलीच्या मध्ये उभा राहिला.

“सुचित्रा,” तो म्हणाला. “आज डॉक्टरीणबाईंनी विचारलं, घरात कुठे ओल आहे का. नेत्राचा खोकला वाढलाय. मी नाही म्हणालो.” तो पलंगाच्या कडेला बसला. “हो म्हणालो असतो तर ही खोली उघडावी लागली असती. मग तू कुठे गेली असतीस?”

कपाटात श्वास थांबलेलाच होता. तो बाहेर गेल्यावर किती तरी वेळाने कापडात तोंड दाबून खोकल्याचा आवाज आला.

वर्षश्राद्धाला सुचित्राची मोठी बहीण पुण्याहून आली. निहारिका. तिच्या पावलाखाली जिना वेगळाच वाजायचा. खाली तयारी चालली होती. गुरुजी फोनवरून मंत्र सांगणार होते, आणि धुराने छताला लावलेला आगीचा भोंगा वाजू नये म्हणून विद्याधरने त्याला अंघोळीची प्लास्टिकची टोपी घातली होती. त्यावरून निहारिका हसलेली मी खालून ऐकली. बऱ्याच दिवसांनी त्या घरात कुणी मोठं माणूस हसत होतं.

“सवाष्णीला जेवायला बोलवायचंय,” ती जिन्यावरून म्हणाली. “सुचूची न नेसलेली एखादी साडी असेल ना कपाटात? तीच देऊ तिला.”

“विकत आणू ना, ताई. ते कपाट नको.”

“विकत आणायला इथे काय लक्ष्मी रोड आहे?” आणि तिने दार उघडलं. सरळ, सताड उघडलं.

ती उंबऱ्यातच थांबली. “विद्याधर, हा कसला वास?”

“सुचित्राचा.” तो मागे उभा होता. “तुम्हाला येतो ना? मला वाटलं मलाच येतो.”

तिने दोन पावलं आत टाकली. मग हळू म्हणाली, “मी तिच्याबरोबर वीस वर्षं एका अंथरुणात झोपलेय. हा तिचा वास नाही. ही ओल आहे. बुरशी आहे कुठे तरी.”

“तुम्हाला इथल्या हवेची सवय नाही, ताई.”

“असेल. पण त्या पोरीच्या छातीतली शीळ मला खाली ऐकू येते.”

“टेस्ट करू,” तो म्हणाला. आवाज जरा कडक झाला होता. “उगाच बोलायला नको. टेस्ट करू, मग बघू.”

त्याने बुरशी तपासायच्या बश्या मागवल्या. प्लास्टिकच्या उथळ बश्या, तळाशी खळीसारखा पारदर्शक थर. तासभर उघड्या ठेवायच्या, झाकण लावायचं आणि काय उगवतं ते बघायचं. “सुचू प्रयोगशाळेत दिवसभर हेच करायची,” निहारिका म्हणाली. एक बशी स्वयंपाकघरात, एक नेत्राच्या खोलीत ठेवायची होती आणि एक इथे, माझ्या शेजारी.

दुपारी सव्वातीनला तो बशी घेऊन आत आला. कपाटातला श्वास थांबला. त्याने झाकण काढलं, बाहेर गेला, दार लावलं आणि जिन्यातून मोठ्याने म्हणाला, “नेत्रा, आता तासभर त्या खोलीत कुणी जायचं नाही, बरं का.”

नेत्राच्या खोलीतून उत्तर आलं नाही. कानात गाणी घालून बसली असेल, असं त्याला वाटलं. निहारिका जिन्याच्या वरच्या टप्प्यावर वाळलेल्या कपड्यांच्या घड्या घालायला बसली. तीही त्याच्या मदतीला, राखण केल्यासारखी. कपाटातून बाहेर पडायची वाट बंद झाली.

खोलीत हवा हलत नव्हती. बशी उघडी होती. कपाटाच्या मागून ते उठत होतं, बसत होतं. शीळ वाढली. श्वास आत जायला वेळ घेऊ लागला, बाहेर यायला त्याहून जास्त. मी लाल होतो, आणि माझ्या लाल दिव्यासमोर बंद कपाटाच्या दारांशिवाय कुणीच नव्हतं.

मग खोकला आला. दाबलेला, कापडातला, खोल.

बाहेर घड्यांचा आवाज थांबला. “कोण खोकलं?” निहारिका म्हणाली.

विद्याधर जिना चढून आला. खोकला पुन्हा आला. दाराच्या मुठीवर त्याचा हात पडला, तो मी ऐकला. मूठ फिरली नाही.

“सुचित्रा शेवटी असंच खोकायची,” तो म्हणाला.

“विद्याधर, दार उघडा.”

“उघडलं तर थांबेल ते.”

पुढे मी ऐकलं ते निहारिकाचं अंग दारावर आदळलेलं. ती सरळ कपाटापाशी आली. दार सरकलं आणि नेत्रा साड्यांसकट बाहेर घरंगळली.

“इनहेलर कुठाय? विद्याधर, इनहेलर!”

तो धावला. पावलं, ड्रॉवर, पावलं. नेत्राला बोलता येत नव्हतं. थोडं जमलं तेव्हा ती जे म्हणाली ते इंग्रजीत नव्हतं. त्या घरात मी तिचं एवढं लांब मराठी प्रथमच ऐकलं.

“बाबा, तू आईशी बोलत होतास. मला वाटलं, मी बाहेर आले तर ती जाईल.”

त्यांनी तिला उचललं. खाली गाडीचा आवाज झाला आणि सगळे हॉस्पिटलला गेले. जाताना, इतक्या घाईतही, विद्याधरने त्या खोलीचं दार मागे ओढून लावलं होतं. हाताला लागलेली सवय.

घर रिकामं झालं. बशीचं झाकण लावायला कुणीच थांबलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी घरात कुणी नव्हतं. खाली फ्रिज गुरगुरत होता, बाहेर पाऊस पडत होता. तीन वाजून गेले. कपाटाचं दार उघडंच होतं, आत फक्त साड्या. आणि रेघ चढू लागली.

मी पुन्हा पुन्हा मोजलं. चूक नव्हती, किंवा असलीच तर मला ओळखता येत नव्हती. ओलसर हवेत माझ्यासारख्यांचं पोट बिघडतं, हे खरं आहे. भिंतीवरची बुरशीही जिवंत असते, तीही श्वास सोडते, हेही खरं आहे. पण तो फार थोडा असतो. मला कळू नये इतका. रेघ पाचपर्यंत चढलेली राहिली आणि मग उतरली, नेहमीसारखी.

नेत्रा घरी आली त्या दिवशी विद्याधर आणि निहारिका आधी वर आले. बशी माझ्या शेजारीच होती.

निहारिकाने बाकीच्या दोन बश्या आणून कट्ट्यावर ठेवल्या. “स्वयंपाकघरातलीत दोन ठिपके आहेत. नेत्राच्या खोलीतलीत चार.” मग तिने आमच्या खोलीतली बशी उचलली आणि लगेच खाली ठेवली.

“हिला तर केस आलेत,” ती म्हणाली.

“मी हॉस्पिटलमध्ये फोन बघितला, ताई,” विद्याधर म्हणाला. “नेत्रा माझ्यासमोर झोपली होती. तुम्ही बाहेर चहा आणायला गेला होतात. आणि इथली रेघ चढत होती. त्याच वेळेला. घरात कुणी नसताना.”

निहारिकाने बशी दूर सारली. तिला खोटं सांगता आलं असतं. यंत्र बिघडलंय म्हणाली असती तर त्याने मानलंही असतं.

“मला नाही ठाऊक ते काय आहे,” ती म्हणाली.

तो खोलीच्या मध्ये येऊन उभा राहिला. पलंगाच्या कडेला बसला नाही. “सुचित्रा,” तो म्हणाला, तिच्या बहिणीसमोर, नेहमीच्या आवाजात. “तू असलीस, तरी मी खिडकी उघडतोय.”

वर्षभर न हललेला खटका आधी सरकेना. मग एकदम सुटला. तो आवाज. वारा पडद्यांत शिरला, साड्यांत शिरला, बशीशेजारी ठेवलेलं झाकण उडून खाली पडलं. मग तो पलंगावर चढला आणि भिंतीतल्या भोकाची जाळी काढून आत हात घातला. कापड सहज निघेना. ओलं होऊन, फुगून घट्ट बसलं होतं.

“हे आईचं पातळ,” निहारिका म्हणाली. “सुचूने घातलंय हे?”

“हो. स्वतः.”

“द्या इकडे.”

तिने ते हातात धरलं, मला वाटतं छातीशी धरलं असावं, कारण आवाज दबला. “काळं पडलंय,” एवढंच म्हणाली. नंतर दोघांनी मिळून कपाट पुढे ओढलं. भिंतीपाशी काय होतं ते मी पाहू शकत नाही. पण निहारिका एक पाऊल मागे सरली, आणि विद्याधर म्हणाला, “कपाटाच्या आकाराचंच आहे. बरोब्बर तेवढंच. जणू तेच उभं आहे मागे.”

आता मी जुना झालो आहे. ती ओल माझ्या पोटात कायमची बसली. मी ओलीचा आकडा थोडा जास्तच दाखवतो, आणि विद्याधरला ते माहीत आहे. त्याने दुसरं यंत्र आणलं, मला मात्र टाकलं नाही. भिंत खरवडली, वाळवली, रंगवली. कपाट आता आतल्या भिंतीशी आहे, पाठीमागे हात जाईल एवढी जागा सोडून. बऱ्याच साड्या टाकाव्या लागल्या. तीन वाचल्या. त्या धुऊन, अंगणात वाऱ्यावर वाळवून, नेत्राच्या कपाटात ठेवल्या आहेत. नेत्रा त्याला प्रेस म्हणते, इथल्या माणसांसारखं. भोकाला नवी जाळी आहे. परेश आला की त्याला आधी ती दाखवतात, आणि तो म्हणतो, “हो बाबा, आमचीही उघडली. बायको दोन स्वेटर घालून झोपते.”

माझं मागणं फार नाही. तुमच्या घरात माझ्यासारखा डबा असेल किंवा नसेल. कुणी गेलं म्हणून एखादी खोली बंद केली असेल, तर तिथे जे साठतंय ते त्या माणसाचं आहे असं लगेच धरून चालू नका. भिंतीपासून कपाट थोडं ओढून बघा. आणि रेघ कुणाची आहे हे माझ्यासारख्याला विचारू नका. मी फक्त मोजतो.

दुपारची रेघ पुन्हा कधी चढली का, असं तुम्ही विचाराल. ते सांगायला आता उपाय नाही. खिडकी उघडी असते. उघड्या खोलीत कुणीही आलं, बसलं, निघून गेलं, तरी मला पत्ता लागत नाही.

पण रोज तीननंतर नेत्रा येते. दार उघडं ठेवून येते. दप्तर पलंगावर टाकते, कट्ट्यापाशी वाकते आणि माझ्यावर फुंकर मारते. लांब, शेवटपर्यंत, शीळ न वाजता. मी लाल होतो.

“हाय, बाळू,” ती म्हणते.

आणि ती फुंकर खोलीत फार वेळ राहत नाही. भिंतीतल्या भोकातून वारा येतो, तिला उचलतो आणि खिडकीतून घेऊन जातो. मी हिरवा होतो.